डिस्क उलटी करून बघा : चित्रपटाची व्हीसीडी-डीव्हीडी अस्सल की डुप्लिकेट?

चित्रपटांच्या नव्या डिस्क आपल्याकडे आता क्वचितच निघतात. जुन्या मात्र फिरत राहतात : पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईच्या चोर बाजारात, बंद पडलेल्या व्हिडिओ लायब्ररीच्या खोक्यांत आणि ऑनलाइन विक्रीच्या साइटवर. ऑनलाइन तर एखाद्या मराठी चित्रपटाच्या व्हीसीडीला ‘रेअर’ असं बिरुद चिकटवून मूळ किमतीच्या कितीतरी पट मागतात. जो चित्रपट कुठल्याच ॲपवर नाही आणि टीव्हीवरही लागत नाही, त्याच्यासाठी हौशी माणूस तेवढे पैसे मोजतोही. मग घरच्या कॉम्प्युटरवर काढलेली कॉपी चकचकीत कव्हरात घालून विकणारेही येतातच.

घेणारा आधी कव्हर बघतो, आणि कव्हरच नक्कल करायला सगळ्यात सोपं. स्कॅनर आणि बऱ्यापैकी प्रिंटर असला की झालं. डिस्कची नक्कल अवघड, कारण अस्सल डिस्क कारखान्यात बनते आणि घरातल्या रायटरवर ती बनवताच येत नाही. म्हणून या लेखातला क्रम उलटा आहे. आधी डिस्कची खालची बाजू, मग मधलं वर्तुळ, मग वरची छपाई, त्यानंतर कव्हर. डिस्क घरी आली की कॉम्प्युटरवर तपासणी.

किमतीवरून अंदाज बांधू नका

‘इतकी स्वस्त म्हणजे डुप्लिकेटच असणार’ हे भारतात चालत नाही. २००७ च्या सुमारास मोझर बेअर कंपनी घरी बघायच्या चित्रपटांच्या डिस्कच्या धंद्यात उतरली आणि तिने व्हीसीडी २८ रुपयांना, डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढल्या. फुटपाथवरच्या चोरट्या मालाशी भावातच टक्कर घ्यायची, असा तो डाव होता. पाठोपाठ बाकीच्या कंपन्यांनाही भाव उतरवावे लागले. त्यामुळे त्या काळातली अस्सल, परवान्याची डीव्हीडी पातळ प्लास्टिकच्या पाकिटात, एकपानी कव्हरात, वडापावच्या पैशांत मिळालेली असू शकते. दिसायला गरीब, पण कागदोपत्री चोख.

इथेच एक फसगतही होते. मोझर बेअर कोऱ्या सीडी-आर आणि डीव्हीडी-आरही बनवायची, तेही प्रचंड प्रमाणात. तेव्हा डिस्कच्या वरच्या बाजूला मोझर बेअर हे नाव आहे, पण चित्रपटाचं नाव छापलेलं नाही, असं असेल तर ती कंपनीने काढलेली चित्रपटाची डिस्क नव्हे. ती त्यांची कोरी डिस्क आहे आणि तिच्यावर कुणीतरी चित्रपट राइट केला आहे.

पायरी पहिली : खालची बाजू

कारखान्यात चित्रपट डिस्कवर ‘राइट’ होत नाही. काचेच्या मास्टरवरून धातूचा साचा बनतो, त्या साच्यात वितळलेलं पॉलिकार्बोनेट दाबलं जातं आणि नाण्यावर ठसा उठावा तसे सूक्ष्म खड्डे उमटतात. त्यावर ॲल्युमिनियमचा अतिपातळ थर बसतो. घरी राइट करायच्या डिस्कमध्ये असे खड्डे नसतात. तिथे रंगद्रव्याचा थर असतो आणि लेझर त्या थरावर खुणा करतो. हा रंग लपवता येत नाही, आणि आपल्याला नेमका तोच शोधायचा आहे.

डिस्क खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात धरा. खाली पांढरा कागद ठेवा. ट्यूबलाइटखाली किंवा फुटपाथवरच्या पिवळ्या बल्बखाली रंग फसवतो. शक्य असेल तर खात्रीची एखादी डिस्क शेजारी ठेवून तुलना करा.

व्हीसीडी म्हणजे मुळात सीडीच. कारखान्यातली असेल तर खालून स्वच्छ चंदेरी दिसते. राइट केलेली असेल तर हिरवट, निळसर किंवा फिकट सोनेरी-हिरवी झाक दिसते. या फिकट झाकेच्या डिस्क नवख्याला चंदेरीच वाटतात, म्हणून कागद आणि शेजारची डिस्क लागते.

डीव्हीडीत फरक जास्त ठसठशीत असतो. एकपदरी, म्हणजे माहितीचा एकच थर असलेली, कारखानी डीव्हीडी चंदेरी, दोन थरांची दुपदरी किंचित सोनेरी. राइट केलेली डीव्हीडी-आर जांभळी दिसते, कधी निळ्याकडे झुकणारी. दुपदरी डिस्कच्या सोनेरी छटेने घाबरू नका. पहिल्या पदराचा अर्धपारदर्शक थर तसाच दिसतो आणि मोठ्या हिंदी चित्रपटांच्या चांगल्या डीव्हीडी बऱ्याचदा अशाच असतात.

ब्लू-रेमध्ये कारखान्यातली डिस्क चंदेरी, तर राइट केलेली बीडी-आर गडद, धुरकट तपकिरी-करडी.

‘खालच्या बाजूला दोन छटांची वर्तुळं दिसली की राइट केलेली’ असा एक समज आहे. तो अर्धाच खरा. चित्रपट डिस्कभर नसेल तर कारखान्याच्या डिस्कवरही भरलेल्या आणि रिकाम्या भागात फरक दिसतो. वर्तुळ नका बघू, रंग बघा.

लायब्ररीतून निघालेले संच तर डिस्क-डिस्क काढून तपासायलाच हवेत. दोन डिस्कची व्हीसीडी असते. पहिली चंदेरी, मधल्या वर्तुळात बारीक अक्षरं, वर चित्रपटाचं रंगीत चित्र. दुसरी हातात घ्यावी तर खालून हिरवट, वरून पांढरी, आणि तिच्यावर निळ्या मार्करने ‘पार्ट २’. भाड्याने फिरून मूळ डिस्क ओरखडली की लायब्ररीवाले कॉपी काढून जागा भरायचे. कव्हर अस्सल, पहिली डिस्क अस्सल, संच मात्र अर्धा. विकणाऱ्यालाही ते ठाऊक असेलच असं नाही.

पायरी दुसरी : मधलं वर्तुळ

ही पायरी बहुतेकजण गाळतात. माझ्या मते पुरावा म्हणून सगळ्यात भक्कम हीच.

डिस्कच्या भोकाभोवती पारदर्शक प्लास्टिकचा भाग असतो आणि त्याच्या बाहेर आरशासारखी चकचकीत अरुंद पट्टी. मोबाइलचा टॉर्च तिरका धरा आणि डिस्क हळूहळू फिरवा. त्या पट्टीत आकडे-अक्षरांची एक ओळ चमकते, कधी जोडीला बारकोडही. हा मॅट्रिक्स नंबर. कोणत्या मास्टरवरून ही डिस्क निघाली याची कारखान्याची नोंद. अनेकदा त्यात कंपनीचा कॅटलॉग क्रमांक किंवा चित्रपटाचं आखूड नाव असतं. कव्हरच्या कण्यावर, म्हणजे कडेच्या अरुंद पट्टीवर, छापलेल्या क्रमांकाशी ते जुळतं का पाहा. जुळलं तर मोठीच खात्री. तिथे भलत्याच चित्रपटाचं नाव निघालं तर निदान डिस्क आणि कव्हर एकमेकांचे नाहीत हे नक्की.

त्याच भागात आयएफपीआय (IFPI) ही चार इंग्रजी अक्षरं शोधा. ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या या आंतरराष्ट्रीय संघटनेने फिलिप्सबरोबर १९९४ मध्ये कारखान्यांसाठी ओळखक्रमांकांची पद्धत आणली. क्रमांक दोन. एक मास्टर बनवणाऱ्या यंत्राचा. तो आरशाच्या पट्टीत असतो आणि आयएफपीआयनंतर ‘एल’ने सुरू होतो. दुसरा साच्याचा. तो बहुधा भोकाजवळच्या पारदर्शक प्लास्टिकमध्येच उठवलेला असतो, इतका बारीक की नखाने जाणवेल पण डोळ्यांनी चटकन दिसणार नाही. टॉर्च मागून धरला तर दिसतो.

आता यातली खोच. कोऱ्या डिस्कसुद्धा साच्यातच बनतात. त्यामुळे राइट करायच्या डिस्कच्या भोकाजवळही साच्याचा आयएफपीआय क्रमांक असू शकतो. ‘आयएफपीआय दिसलं, म्हणजे ओरिजिनल’ असं सांगणारा विक्रेता एक तर अर्धवट माहितीचा किंवा फारच हुशार. निर्णायक ठरतो तो आरशाच्या पट्टीतला मॅट्रिक्स नंबर आणि ‘एल’वाला क्रमांक. कोऱ्या डिस्कवर त्या जागी काहीच नसतं, नाहीतर डिस्क बनवणाऱ्याचा साधा बॅच क्रमांक असतो.

हे क्रमांक नसले म्हणजे डिस्क लगेच नकली ठरत नाही. लहान कारखान्यांनी ते न टाकताही अधिकृत माल काढला आहे. पण पट्टीतला क्रमांक मुद्दाम खरवडलेला, घासून पुसलेला दिसला तर डिस्क खाली ठेवा आणि पुढे चला. कारखान्यात दाबलेल्या नकली डिस्कवर, म्हणजे जिथे रंगाची परीक्षा अजिबात उपयोगाची नाही तिथे, ही खूण बऱ्याचदा सापडते. आपला माल कुठल्या यंत्रावर निघाला हे लपवायची गरज प्रामाणिक कारखान्याला नसते.

पायरी तिसरी : वरची छपाई

हे झटपट उरकता येतं. अस्सल डिस्कवर छपाई थेट डिस्कवर असते आणि रंग सपाट, घट्ट बसलेला असतो. कागदी गोल स्टिकर चिकटवलेला असेल तर डिस्क राइट केलेलीच समजा. कंपन्या विक्रीच्या डिस्कवर कागद चिकटवत नाहीत, कारण वेगाने फिरताना त्याने तोल जातो. इंकजेटवर छापलेली डिस्क पांढऱ्या, किंचित खरखरीत पृष्ठभागामुळे ओळखू येते. आपल्याच डिस्कवर खात्री करायची असेल तर कडेला ओलं बोट टेकवा, शाई बोटाला लागेल. दुकानात हे करू नका, दुकानदार चिडेल आणि त्याचं बरोबरच असेल.

पायरी चौथी : कव्हर, आणि त्यावर कायद्याने काय हवं

भारतातल्या ग्राहकाच्या हातात एक चांगलं हत्यार आहे, पण ते फारसं कुणाला माहीत नाही. कॉपीराइट कायदा १९५७ मध्ये कलम ५२अ आहे. व्हिडिओ स्वरूपात चित्रपट विकायचा तर तीन गोष्टी दाखवायलाच हव्यात असं ते सांगतं. एक, सेन्सॉर बोर्डाच्या प्रमाणपत्राची प्रत, जिथे चित्रपटाला प्रमाणपत्र लागतं तिथे. दोन, ही व्हिडिओ प्रत बनवणाऱ्याचं नाव आणि पत्ता, सोबत हक्कधारकाचा परवाना किंवा संमती घेतल्याचं त्याचं निवेदन. तीन, हक्कधारकाचं नाव आणि पत्ता. हे सगळं वेष्टनावर हवं आणि चित्रपट लावल्यावर पडद्यावरही यायला हवं. या कलमाचा भंग केला तर कलम ६८अ खाली ३ वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो.

म्हणून कव्हर हातात आलं की पुढचं चित्र सोडा आणि मागच्या बाजूचा सगळ्यात बारीक मजकूर वाचा. तिथे पूर्ण पत्ता आहे का? नुसतं ‘मुंबई’ लिहिलेलं चालणार नाही. हक्कधारक आणि वितरक यांची नावं आहेत का? सेन्सॉर प्रमाणपत्राचं छोटं चित्र आहे का, आणि त्यावरचं चित्रपटाचं नाव कव्हरशी जुळतं का? फुटपाथवरच्या डीव्हीडीवर हा मजकूर एक तर नसतोच, नाहीतर भलत्याच चित्रपटाच्या कव्हरवरून जसाच्या तसा उचललेला असतो.

मग भिंग काढा. घड्याळ दुरुस्त करणारे वापरतात तसं १० पटीचं भिंग स्वस्तात मिळतं. पत्त्याच्या ओळीतलं एखादं काळं अक्षर त्यातून पाहा. अस्सल ऑफसेट छपाईत काळा मजकूर फक्त काळ्या शाईने छापतात, त्यामुळे अक्षर भरीव आणि कडा धारदार दिसतात. कव्हर स्कॅन करून पुन्हा छापलं असेल तर तेच अक्षर निळ्या, गुलाबी, पिवळ्या ठिपक्यांचं बनलेलं दिसतं, कडा फुगलेल्या आणि भोवती रंगाची किनार. मोठ्या अक्षरांत हे कळत नाही, पत्त्याच्या ओळीत लपत नाही. प्रमाणपत्राचं चित्र तर स्कॅनमध्ये नुसता करडा चौकोन होऊन जातं. भिंग नसेल तर मोबाइलचा कॅमेरा मॅक्रोवर ठेवून फोटो काढा आणि मोठा करून बघा.

बारकोड ८९० ने सुरू होत असेल तर तो क्रमांक भारतात नोंदवलेला आहे, एवढंच कळतं. तोही स्कॅनबरोबर कॉपी होतोच. होलोग्रामवर माझा फारसा विश्वास नाही. काही कंपन्या लावायच्या, काही नाही, आणि सर्वसाधारण चकाकता स्टिकर कुठल्याही छपाईवाल्याकडे मिळतो. स्पेलिंगच्या चुका मात्र गंमतीच्या असतात. कलाकारांची नावं चुकलेली, मागच्या बाजूचं कथासूत्र दुसऱ्याच चित्रपटाचं. अर्थात मराठी डिस्कच्या बाबतीत शुद्धलेखनावरून निकाल द्यायला बसलो तर बरेचसे अधिकृत वितरकही दोषी ठरतील.

पायरी पाचवी : घरी, कॉम्प्युटरवर

डीव्हीडी ड्राइव्ह असलेला कॉम्प्युटर आता घरोघरी नसतो, पण यूएसबीला जोडायचा ड्राइव्ह सहज मिळतो. संग्रह करणाऱ्याने एक ठेवावाच.

आधी डिस्क उघडून फोल्डर बघा. व्हीसीडीत ‘एमपीईजीएव्ही’ नावाचा फोल्डर असतो आणि त्यात ‘.डीएटी’ शेपटीच्या फाइल. डीव्हीडीत ‘व्हिडिओ_टीएस’ हा फोल्डर आणि ‘.व्हीओबी’ फाइल, त्यातली प्रत्येक जास्तीत जास्त १ जीबीची. ब्लू-रेत ‘बीडीएमव्ही’. यांऐवजी डिस्कवर नुसती एखादी एव्हीआय, एमकेव्ही किंवा एमपी४ फाइल पडलेली असेल, तर कव्हर काहीही म्हणो, ती इंटरनेटवरून उतरवून डिस्कवर टाकलेली प्रत असण्याचीच शक्यता जास्त.

मग आकड्यांचा हिशोब. व्हीसीडीच्या एका डिस्कवर ७४ ते ८० मिनिटंच मावतात, म्हणून अडीच तासांचा चित्रपट दोन डिस्कवर येतो आणि तीन तासांचा तीनवर. एकाच सीडीवर अख्खा चित्रपट असेल तर ती व्हीसीडी नव्हे.

डीव्हीडीचा हिशोब आणखी बोलका आहे. एकपदरी डिस्कची क्षमता ४.७ जीबी. विंडोज मोजमापाच्या पद्धतीमुळे ती सुमारे ४.३७ दाखवतं. तीन तासांचा एक चित्रपट तिच्यावर सेकंदाला साधारण ३.५ मेगाबिट माहिती मिळवून बऱ्यापैकी बसतो. आता फुटपाथवरची प्रसिद्ध ‘फाइव्ह इन वन’ घ्या. अडीच-अडीच तासांचे पाच चित्रपट म्हणजे साडेबारा तास. त्याच डिस्कवर ते कोंबले की सेकंदाला ०.८४ मेगाबिटच्या आसपास उरतात, चित्र आणि आवाज धरून. साध्या व्हीसीडीत नुसत्या चित्रालाच १.१५ मेगाबिट मिळतात. म्हणजे डीव्हीडी म्हणून घेतलेल्या वस्तूत व्हीसीडीपेक्षाही कमी माहिती. दुपदरी डिस्क वापरली तरी प्रकरण जेमतेम व्हीसीडीच्या पातळीवर येतं. अधिकृत कंपन्यांनीही दोन-तीन चित्रपट एका डीव्हीडीत विकले आहेत, त्यामुळे ‘टू इन वन’ दिसलं की नाक मुरडायचं कारण नाही. वेगवेगळ्या निर्मात्यांचे, गेल्याच महिन्यात प्रदर्शित झालेले पाच चित्रपट एका कव्हरवर एकत्र नांदताना दिसले, तर मात्र भिंगही काढायची गरज नाही.

दुसरी एक खूण नीट बघण्यासारखी आहे. कव्हरवर ‘वगळलेले प्रसंग’, ‘चित्रीकरणामागची गोष्ट’, दोन भाषांतली उपशीर्षकं असं सगळं लिहिलंय. डिस्कवर मात्र मेनू नाही, किंवा मेनूत ती नावं आहेत पण दाबल्यावर काहीच होत नाही, आणि डिस्क ४.३७ पर्यंत काठोकाठ भरलेली. दुपदरी अस्सल डीव्हीडी आवळून, जास्तीच्या गोष्टी छाटून एकपदरी कोऱ्या डिस्कवर बसवली की असंच होतं.

फाइलच्या तारखाही उघडून बघा. कव्हर म्हणतं २००६ आणि फाइल बनल्या २०१४ मध्ये, तर प्रश्न विचारायला जागा आहे. नंतरची अधिकृत आवृत्ती असू शकते, पण मग कव्हरवर तसा उल्लेख असतो.

विंडोजवर इमगबर्न नावाचा फुकट प्रोग्राम मिळतो. त्यात डिस्क घातली की उजवीकडच्या चौकटीत तिचा प्रकार दिसतो. डीव्हीडी-रॉम असेल तर बहुधा कारखान्याची, डीव्हीडी-आर किंवा डीव्हीडी प्लस आर असेल तर राइट केलेली. कोऱ्या डिस्कच्या उत्पादकाचा सांकेतिक क्रमांकही त्यात येतो. ‘बहुधा’ म्हटलं त्याला कारण आहे. प्लस आर जातीच्या डिस्कवर राइट करताना ‘मी रॉम आहे’ अशी नोंद टाकता येते. जुन्या प्लेअरवर चालाव्यात म्हणून ही सोय होती. प्रोग्राम रॉम म्हणतोय आणि डिस्क खालून जांभळी आहे, तर डोळ्यांवर विश्वास ठेवा.

चित्र लावल्यावर

थिएटरात कॅमेरा लपवून घेतलेली प्रत कुणालाही ओळखू येते. पडदा तिरका, आवाज घुमणारा, मधेच कुणाचं तरी डोकं. टीव्हीवरून घेतलेली प्रत जास्त चतुर असते. कोपऱ्यात चॅनेलच्या बोधचिन्हाच्या जागी पुसट डाग दिसतो किंवा तो भाग कापला म्हणून चित्राच्या कडा गेलेल्या असतात. जाहिरातींच्या जागी प्रसंग उडी मारतो, आणि श्रेयनामावली अर्ध्यात तुटते. अधिकृत डिस्क बहुतेक वेळा कंपनीचं बोधचिन्ह, सेन्सॉर प्रमाणपत्र आणि कॉपीराइटची सूचना या क्रमाने सुरू होते. एकदम चित्रपटच सुरू झाला तर शंका घ्या.

पण खराब चित्र म्हणजे डुप्लिकेट, हा निष्कर्ष मराठी आणि जुन्या हिंदी चित्रपटांच्या बाबतीत साफ चुकीचा. वितरकाला जी झिजलेली, ओरखड्यांची पॉझिटिव्ह प्रिंट मिळाली तीच अनेकदा व्हिडिओवर उतरवली गेली. रंग उडालेले, रीळ बदलताना आवाज खरखरतो, वर वितरकाचं भलंमोठं बोधचिन्ह कोपऱ्यात कायमचं. सगळं अधिकृत. याउलट फुटपाथवरची ‘मास्टर प्रिंट’ कधीकधी सुरेख असते, कारण ती कुणाच्यातरी अस्सल डीव्हीडीवरूनच काढलेली असते.

अशाच आणखी काही गोष्टी विनाकारण बदनाम आहेत. भारतात टीव्ही पाल पद्धतीचा, मग डीव्हीडी एनटीएससी, म्हणजे अमेरिकी पद्धतीची का, असा प्रश्न पडतो. अनेक हिंदी चित्रपटांच्या अधिकृत डीव्हीडी एनटीएससीच आहेत, कारण अमेरिका-कॅनडातला भारतीय ग्राहक मोठा होता. रीजनचंही, म्हणजे डिस्क जगाच्या कुठल्या भागात चालेल त्या क्रमांकाचंही, तसंच. भारताचा डीव्हीडी रीजन ५, पण हिंदी-मराठी डिस्क बहुतेक ‘ऑल रीजन’. तोच चित्रपट दोन वेगळ्या कंपन्यांच्या कव्हरात दिसला म्हणूनही दचकू नका. व्हिडिओचे हक्क ठरावीक वर्षांसाठी विकले जातात, मुदत संपली की दुसऱ्याकडे जातात, आणि परदेशातले हक्क तर बरेचदा वेगळ्याच कंपनीकडे असतात. अमेरिकेतल्या एडिसनच्या किंवा लंडनच्या नातेवाइकाने आणलेल्या डिस्कवर ‘भारतात विक्रीसाठी नाही’ असं असेल तर ती नकली नव्हे, फक्त दुसऱ्या बाजारपेठेची. शिवाय चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षांचा. १९५० च्या दशकातले चित्रपट त्यामुळे आता कुणीही काढू शकतो, आणि काढतातही. त्यांच्या दर्जाबद्दल न बोललेलं बरं.

आणि डिस्क चालत नाही म्हणजे नकली, हे तर मुळीच नाही. व्हीसीडीत ॲल्युमिनियमचा थर वरच्या बाजूला, छपाईच्या लगेच खाली असतो. वरून ओरखडा गेला की माहितीच जाते. कोकणात किंवा गोव्यात चार पावसाळे काढलेली डिस्क दिव्यासमोर धरली तर टाचणीने टोचल्यासारखी भोकं दिसतात. तो दमटपणाचा प्रताप.

परदेशी डिस्क आणि बॉक्ससेट

इथे कारखान्यात दाबलेला नकली माल जास्त भेटतो. खालून चंदेरी, डबा भक्कम, किंमत निम्मी. मालिकांचे संपूर्ण संच आणि ॲनिमेशनपट यांत विशेष. अशा वेळी कव्हरवरच्या खुणा आपसात जुळतात का ते बघा. ब्रिटनच्या बीबीएफसीचं वयोगटाचं चिन्ह आहे आणि रीजन १, म्हणजे अमेरिकेचा, असं एकाच कव्हरवर कसं असेल? इंग्रजी कव्हर आणि आत अचानक चिनी उपशीर्षकं, ब्लू-रे असूनही ‘ऑल रीजन’ आणि मूळ स्टुडिओच्या यादीत अशी आवृत्तीच नाही, हेही त्यातलंच. ब्लू-रेमध्ये भारत सी विभागात येतो. फोर-के यूएचडी डिस्कना मात्र रीजनच नसतो, त्यामुळे तिथे ही खूण लावू नका. जो चित्रपट ब्लू-रेवर अधिकृतपणे आलेलाच नाही त्याची ‘ब्लू-रे’ मिळाली, तर ती बहुधा टीव्हीवरून किंवा स्ट्रीमिंगवरून घेऊन बीडी-आरवर टाकलेली असते.

एक मोठा अपवाद लक्षात ठेवा. वॉर्नर ब्रदर्सने २००९ मध्ये ‘वॉर्नर आर्काइव्ह कलेक्शन’ सुरू केलं. कमी खपाचे जुने चित्रपट ऑर्डर येईल तसे डीव्हीडी-आरवर राइट करून ते विकायचे. त्या डिस्क खालून जांभळ्याच असतात आणि शंभर टक्के अधिकृत असतात. कव्हरवर मागणीनुसार बनवल्याची नोंद इंग्रजीत असते.

ऑनलाइन घेताना

पैसे देण्याआधी विक्रेत्याकडे तीन फोटो मागा : डिस्कची खालची बाजू दिवसाच्या उजेडात, मधलं वर्तुळ जवळून, आणि कव्हरच्या मागच्या बाजूचा तळ. दोन-तीन डिस्कचा संच असेल तर प्रत्येक डिस्कचे. ज्याच्याकडे अस्सल माल आहे तो जरा कुरकुरेल, पण पाठवेल. ‘सीलबंद आहे, उघडता येणार नाही’ हे उत्तर पुरेसं नाही, कारण प्लास्टिकचं वेष्टन गरम हवेने कुठल्याही दुकानात बसवता येतं. सीलबंद असेल तर निदान मागच्या मजकुराचा स्पष्ट फोटो तरी मिळायलाच हवा. फोटो इंटरनेटवरून उचललेले नाहीत ना हे बघायला विक्रेत्याला त्या दिवशीची तारीख चिठ्ठीवर लिहून शेजारी ठेवायला सांगा.

पार्सल उघडताना व्हिडिओ काढा. डिस्क संशयास्पद निघाली तर साइटच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तक्रारीत ‘डुप्लिकेट वाटते’ असं लिहू नका. ‘ओरिजिनल म्हणून विकलेली डिस्क डीव्हीडी-आर आहे, मॅट्रिक्स नंबर नाही, कव्हरवर कलम ५२अ चा मजकूर नाही’ असं लिहा आणि फोटो जोडा.

अशी डिस्क गळ्यात पडलीच तर ती पुढे विकू नका, भाड्यानेही देऊ नका. कलम ६३ खाली शिक्षा ६ महिन्यांपासून ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड अशी आहे. महाराष्ट्रात तर २००९ पासून व्हिडिओ पायरसी करणारे एमपीडीए या स्थानबद्धतेच्या कायद्याच्या कक्षेत, म्हणजे झोपडपट्टी दादा आणि हातभट्टीवाल्यांच्या पंगतीत बसवले आहेत. आपल्या संग्रहातली एक डिस्क विकणाऱ्यासाठी तो कायदा नाही, तरी ‘मीही तशीच घेतली होती’ हे उत्तर कुठेच चालत नाही. लायब्ररीच्या संचातली एकच डिस्क राइट केलेली असेल तर कव्हर आणि अस्सल डिस्क ठेवा, त्यावर तशी चिठ्ठी लावा आणि जोडीची दुसरी डिस्क शोधत राहा. जुन्या बाजारात सुट्या डिस्कची थप्पी बहुधा खालच्या गोणपाटावर असते.